बुद्धाकडे पाठ

श्रीलंकेतल्या विहारांत एक सूचना हमखास कानावर पडते. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका.

दारात पाटी असते. पहारेकरी सांगतो. गाइडने तर बसमध्येच बजावलेलं असतं. तरीही आपला माणूस मूर्तीसमोर जातो, गर्रकन वळतो, हात लांब करतो आणि मोबाइल वर धरतो. पहारेकरी धावत येतो. मग आपला माणूस चिडतो. ‘काय एवढं? फोटोच तर काढतोय!’

अहो, सेल्फी म्हणजेच पाठ फिरवणं!

पाठ न करता सेल्फी निघतच नाही. म्हणजे त्या देशाचं म्हणणं एवढंच, की इथे आलात तर स्वतःचं तोंड बघू नका, समोर बघा. आजच्या पर्यटकाला याहून अवघड अट कुणी घातली आहे का?

2012 साली तीन फ्रेंच पर्यटकांनी बुद्धमूर्तीचं चुंबन घेत असल्याचे फोटो काढले आणि छापायला दिले. स्टुडिओतून पोलिसांकडे खबर गेली. गालच्या न्यायालयाने सहा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. शिक्षा स्थगित ठेवली म्हणून त्यांना घरी जाता आलं. दोन वर्षांनी दंडावर बुद्ध गोंदवलेल्या एका ब्रिटिश बाईंना अटक करून देशाबाहेर काढलं. बाई कोर्टात गेल्या. त्यांच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला, असा निकाल 2017 मध्ये श्रीलंकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि भरपाईही द्यायला लावली.

श्रद्धा कुठे संपते आणि दांडगाई कुठे सुरू होते, हे तिथल्या न्यायाधीशांना कळतं. आपण निदान चपला काढून, खांदे-गुडघे झाकून आत जावं. एवढं तर जमेल?

आता आपल्या सहलीकडे वळू. मुंबई-पुण्याहून निघणारी पाच रात्री, सहा दिवसांची सहल. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेन्टोटा. समुद्र, हत्ती, कासवं, चहाचे मळे. सगळं सुंदरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या यादीत अनुराधापूर कुठे आहे?

नाही. ‘लांब पडतं.’

अख्खी श्रीलंका महाराष्ट्राच्या पाव भागाएवढीसुद्धा नाही. अशा देशात लांब म्हणजे किती लांब? कोलंबोहून साधारण 200 किलोमीटर. पुण्याहून कोल्हापूर याहून दूर आहे, आणि तिथे आपण तांबडा-पांढरा ओरपायला सकाळी जाऊन रात्री परत येतो.

हजार वर्षांहून जास्त काळ अनुराधापूर ही बेटाची राजधानी होती. तिथला जेतवन स्तूप बांधून झाला तेव्हा 122 मीटर उंच होता. त्याहून उंच अशा इमारती त्या काळच्या जगात दोनच, गिझाचे दोन पिरॅमिड. ते दगडाचे. हा विटांचा. नऊ कोटींहून जास्त विटा लागल्या असाव्यात, असा अंदाज आहे. ज्या बेटाने हे उभं केलं, तिथे जाऊन आपण काय बघून येतो? बेन्टोटाचा तरणतलाव.

तरणतलाव तर लोणावळ्यालाही आहेत.

सहलीचा आणखी एक थांबा सांगतो. दांबुल्लाहून कँडीकडे जाताना मातलेच्या आसपास रस्त्याच्या कडेला मसाल्यांच्या बागा लागतात. बस थांबते. दालचिनी, वेलची, मिरी दाखवतात, मग तेलाच्या बाटल्या पुढे येतात. केस उगवायचं तेल, गुडघ्याचं तेल, झोपेचं तेल. आमच्या बसमधल्या एका काकूंनी गुडघ्यासाठी तीन बाटल्या घेतल्या. तिथे सव्वा तास गेला.

त्याच रस्त्यावर, मातलेच्या जरा अलीकडे, अलुविहार आहे. तिथे बस थांबली नाही.

अलुविहार म्हणजे काय? इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भिक्षूंनी त्रिपिटक तिथे पहिल्यांदा लिहून काढलं. त्याआधी तो सगळा ठेवा पाठांतरावर चालत आला होता. दुष्काळ आणि लढाया यांत भिक्षू मरू लागले. माणसं गेली तर वचनंही जातील, या धास्तीने ती ताडपत्रांवर उतरवली गेली. आज ‘बुद्ध म्हणाला’ असं जे काही पालीतून आपल्यापर्यंत येतं, त्याच्या लिखित रूपाची वाट या गुहांतून निघते. 1848 च्या बंडात इंग्रजांच्या हातून तिथला ग्रंथसाठा नष्ट झाला. पुढच्या पिढ्या पुन्हा लिहायला बसल्या. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरायचं आणि वर काजळी चोळून ते उठवायचं, हे आजही तिथे करून दाखवतात.

तेलाच्या बाटलीला सव्वा तास. त्रिपिटकाला दहा मिनिटं नाहीत?

दोष काकूंचा नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याने पैसे घेऊन सहल आखली, त्याचं ते काम होतं.

बरं, ही वाट मराठी माणसाने पहिल्यांदा चालायची आहे, असंही नाही. गोव्यातल्या साखवाळचा एक तरुण बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा म्हणून घरदार सोडून निघाला. पुण्यात आला, काशीला गेला, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला. नेपाळला गेला. तिथेही हवं ते मिळालं नाही. 1902 साली तो श्रीलंकेत पोचला. कोलंबोच्या विद्योदय पिरिवेणात, म्हणजे भिक्षूंच्या विद्यालयात, सुमंगलाचार्यांच्या पायाशी बसून पाली शिकला, श्रामणेर झाला. पुढे त्याने फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली आणि बुद्ध मराठीत आणला.

धर्मानंद कोसंबी. खिशात पैसे नाहीत, हातात आरक्षण नाही, आणि तरी त्यांना श्रीलंका आपल्यापेक्षा जास्त दिसली.

दुसरं नाव तर सांगायलाच नको. मे 1950. जागतिक बौद्ध परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कँडीत होते. तेव्हा ते देशाचे कायदामंत्री. जिवंत बौद्ध समाज कसा जगतो, त्याचे विधी कसे चालतात, धर्म माणसांच्या वागण्यात किती उतरलाय, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. सहा वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात काय झालं ते अवघ्या जगाला ठाऊक आहे.

कँडीच्या तळ्याकाठी उभं राहून आईस्क्रीम खाताना आपल्या बसमधल्या किती जणांना हे आठवतं? आणि मराठी टूर मॅनेजर ते एकदा तरी सांगतो का? त्याला हे एक वाक्य जड जाऊ नये.

कँडीचं दंतमंदिर मात्र प्रत्येक सहलीत असतं. बुद्धाचा दात कलिंगातून राजकन्या हेममालीने केसांत लपवून आणला, अशी परंपरा आहे. रोज तीनदा पूजा होते, ढोल वाजतात, तासभर रांग सरकते आणि शेवटी दिसते ती सोन्याची मंजूषा. तीही काही क्षण.

बाहेर आल्यावर हमखास तक्रार येते. ‘दात दिसलाच नाही!’

पंढरपुरात किती तास उभे राहता? आणि विठ्ठल किती वेळ दिसतो? तिथे कधी पैसे परत मागितलेत का?

त्या रांगेत शेजारी नीट बघा. हातात निळी कुमुदं, कमळं, चाफा. फुलांचा कुणी वास घेत नाही. देवाला वाहायचं फूल हुंगायचं नाही, हे आपल्या आजीनेही आपल्याला हातावर चापट मारून शिकवलंय. पुढचं मात्र आजीने सांगितलं नव्हतं. फूल वाहताना ते म्हणतात, की हे जसं कोमेजणार तसा माझा देहही कोमेजणार. मागणं काहीच नाही.

नवस नसलेली पूजा. बघण्यासारखं हे आहे.

आता पौर्णिमा. तिथे तिला पोया म्हणतात आणि प्रत्येक पोयाला सरकारी सुट्टी असते. त्या दिवशी दारू विकत नाहीत, मांसाची दुकानंही बंद. आणि नेमकी तेव्हाच आपली मित्रमंडळी बेन्टोटाला उतरलेली असतात. ‘आधी सांगायला काय झालं होतं?’ म्हणत सहल संयोजकाशी भांडण.

कालनिर्णय घरच्या भिंतीवर टांगलेला होता ना? पौर्णिमा त्यात दिसली असती.

उलट पौर्णिमा बघूनच जावं. वैशाखीला घराघरांवर कागदी कंदील लागतात. रस्त्याच्या कडेला ‘दन्सल’ उभी राहतात, म्हणजे येईल त्याला फुकट जेवण, सरबत, चहा. गाडी थांबवून आग्रहाने खायला घालतात. जात-धर्म-देश कुणी विचारत नाही. वारीच्या वाटेवर केळी आणि चहा घेऊन उभी राहणारी गावं ज्याने पाहिलीत, त्याला तो ओळखीचा आग्रह लगेच कळतो. त्या माणसाला तिथे परकं वाटेल कसं?

पण आपण आपला डबा सोडू तर ना!

सहलीची जाहिरातच अशी असते: ‘रोज मराठी जेवण.’ मग कोलंबोत वरणभात, कँडीत बटाट्याची भाजी, नुवारा एलियात पुन्हा वरणभात. ज्यांना पथ्य आहे, वय आहे, त्यांचं समजू शकतो. बाकीच्यांचं काय? तिथल्या ताटात काय असतं ते तरी बघा. ओलं खोबरं आणि लाल मिरचीची कुटलेली चटणी, तिला पोल सांबोल म्हणतात. कोवळ्या फणसाची, म्हणजे कोकणातल्या कुयरीची, भाजी. नारळाच्या दुधात शिजवलेला किरीभात. माशाच्या कालवणात आंबटपणाला गोरका, आमसुलाचा सख्खा चुलतभाऊ. जाळीदार आप्पे. मालवणचा माणूस डोळे मिटून जेवेल आणि घरी आल्यासारखं वाटून उठेल.

हे मराठी जेवण नाही, तर काय आहे?

भाषेचंही तेच. सिंहली लिपी गोल गोल, जिलब्यांसारखी, म्हणून आपण ती दाक्षिणात्य समजून सोडून देतो. कान देऊन ऐका. दिवसाला ते ‘दवस’ म्हणतात. गावाला ‘गम’. पुस्तकाला ‘पोत’, आपली पोथी. दुधाला ‘किरी’, आपली खीर. माणसांना ‘मिनिस्सु’. आभार मानताना ‘इस्तुती’, म्हणजे सरळ स्तुती. आणि भेटताच ‘आयुबोवन’, दीर्घायुषी व्हा. हात जोडून अनोळखी माणसाला आयुष्य चिंतणारा देश आहे तो. आपण त्याला ‘हाऊ मच?’ म्हणून उत्तर देतो.

आणि वर घासाघीस. 2022 साली त्या देशाने परकीय कर्ज फेडता येत नसल्याचं जाहीर केलं. पेट्रोलसाठी माणसं दिवस-दिवस रांगेत उभी होती, गॅस नव्हता, औषधं नव्हती, राष्ट्राध्यक्ष पळून गेले. त्याआधी 2019 च्या ईस्टरला बॉम्बस्फोटांत अडीचशेहून जास्त जीव गेले होते, पाठोपाठ करोना. इतकं सोसून हा देश पुन्हा पाहुण्यांसाठी दार उघडून उभा आहे आणि त्या पाहुण्यांत सगळ्यात जास्त आपण भारतीय आहोत. तिथे रिक्षावाल्याशी शंभर श्रीलंकन रुपयांसाठी वाद घालायचा? त्याचे आपले किती होतात, हिशेब करा.

लाज वाटेल इतके कमी.

‘बुद्धाचा देश, शांतीचा देश’ हे वाक्यही जाहिरातीतून काढून टाकायला हवं. 1983 ते 2009 तिथे यादवी चालली. 1981 मध्ये जाफन्याचं ग्रंथालय जाळलं, 97 हजार पुस्तकं गेली. ज्या बेटावर बुद्धवचन वाचवायला भिक्षू ताडपत्रं कोरत बसले, त्याच बेटावर तमिळांची ताडपत्रं राख झाली. अलीकडे मुसलमानांच्या घरांवर जमाव चालून गेले. विहारांतही सगळं निर्मळ नाही. तिथला सर्वांत मोठा निकाय, म्हणजे भिक्षूंचा पंथ, 1753 मध्ये स्थापलेला सियाम निकाय, गोविगम या वरच्या जातीलाच दीक्षा देत आला. बाकीच्या जातींच्या माणसांना भिक्षू होण्यासाठी समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरपूरला जावं लागलं. ते 1803 मध्ये परतले आणि अमरपूर निकाय उभा राहिला.

बुद्धाच्या संघात जात! आपल्या महाराष्ट्राने हे वाचून मान खाली घालावी की तिकडे बोट दाखवावं? दोन्ही नको. जाऊन बघावं आणि विचारावं. देश म्हणजे काही देवघर नव्हे, की नुसता नमस्कार करून निघालो.

रामायण सहलींबद्दलही लोक विचारतात. सीता एलियाचं मंदिर बघा, रावणाचा धबधबा बघा. श्रद्धा असेल तर हात जोडा, माझी काही हरकत नाही. फक्त एवढंच खटकतं, की दोन-अडीच हजार वर्षं तिथे जगत असलेल्या माणसांचा देश आपण फक्त आपल्या गोष्टीतलं एक प्रकरण म्हणून बघतो. यजमानाच्या घरी जाऊन आपल्याच घरातले फोटो बघत बसण्यासारखं झालं.

सिगिरियाला मात्र मराठी माणूस धापा टाकत का होईना, चढतो. बाराशेच्या आसपास पायऱ्या. पाचव्या शतकात कश्यप राजाने कड्यावर बांधलेला महाल, वाटेत भिंतीवरच्या अप्सरा. अजिंठ्याची चित्रं पाहिलेल्या डोळ्यांना त्या लगेच ओळखीच्या वाटतात. पण चित्रांच्या खाली एक भिंत आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. तिला आरसेभिंत म्हणतात. हजार-बाराशे वर्षांपूर्वी जे प्रवासी तिथे आले, त्यांनी त्या चित्रांवर कविता केल्या आणि तिथेच बारीक अक्षरांत कोरल्या. भिक्षूंनी, सैनिकांनी, बायकांनी. परनवितान या विद्वानाने त्यातल्या 685 वाचून 1956 मध्ये छापल्या.

पर्यटक हजार वर्षांपूर्वीही होते. ते बघून कविता करायचे.

आणि आपण? अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात 1819 मध्ये जॉन स्मिथने खांबावर नाव खरडलं, तेव्हापासून आपल्या लेण्यांवर बाणाने छेदलेली हृदयं आणि नावं थांबलेली नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहात किती जण एकवीरेचं दर्शन आटोपून पाच मिनिटं डोकावतात? दोन हजार वर्षांची लाकडी कमान छताला अजून तशीच आहे, हे मान वर करून किती जण बघतात? घराजवळच्या बुद्धाकडे पाठ केलेला माणूस परदेशी जाऊन एकदम समोर बघेल, ही अपेक्षा करायची तरी कशी?

तरी मी करतो. कारण मीही एकदा त्याच बसमधून गेलो होतो आणि दांबुल्लाच्या गुहा बघून, अनुराधापूर साठ-सत्तर किलोमीटरवर असताना, कँडीकडे वळलो होतो. रात्रभर ते डाचत राहिलं. म्हणून दुसऱ्यांदा गेलो, पौर्णिमा बघून, आणि सरळ अनुराधापूरच्या महाबोधी वृक्षाच्या आवारात जाऊन बसलो.

झाड दिसायला मोठं नाही. सोनेरी कठडा, सोनेरी टेकू दिलेल्या बारीक फांद्या. अशोकाची मुलगी संघमित्रा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात गयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्र ओलांडून आली, ती इथे लावली. माणसाने लावलेलं आणि लावल्याची नोंद असलेलं इतकं जुनं दुसरं झाड जगात ठाऊक नाही. आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर आज जो बोधिवृक्ष आहे, तो भदंत आनंद कौसल्यायन यांनी याच अनुराधापूरच्या झाडाच्या फांद्या नेऊन लावलेला. गयेहून बेटावर, बेटावरून विदर्भात.

ज्या झाडाचं लेकरू आपल्या नागपुरात आहे, ते आपल्या सहलीच्या वाटेत ‘लांब पडतं’.

संध्याकाळ झाली होती. वाळूवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती, कुणी पुटपुटत, कुणी नुसतीच. वारा आला आणि एक पान सुटलं. तीन-चार पोरं धावली. ज्याच्या हाती लागलं त्याने ते आजीला नेऊन दिलं. तिने ते कपाळाला लावलं, मांडीवरची पोथी उघडली आणि दोन पानांमध्ये ठेवून दिलं.

लहानपणी आपणही पिंपळाचं पान असंच वहीत ठेवायचो, जाळी पडायची वाट बघत.